लाडका घोडा विकायला निघालाय, घेऊ का?

पत्र थोडक्यात असं: पुण्यातल्या एक वाचक, वय ३८, आयटीत नोकरी. गेले चौदा महिने शनिवार-रविवार रायडिंग स्कूलला जातात. तिथला नऊ वर्षांचा, रेसमधून रिटायर झालेला एक खच्ची घोडा त्यांचा अगदी जीव की प्राण. आता स्कूलवाले तो विकतायत आणि यांना म्हणाले, ताई तुम्हीच घ्या, एका बऱ्यापैकी फोनच्या किमतीत देतो. मुळशीकडे यांचा वीस गुंठ्यांचा प्लॉट आहे, राखणदार जोडपं तिथेच राहतं, तिथे शेड मारून घोडा ठेवायचा असा बेत. नवरा म्हणतो डोकं फिरलंय तुझं. वडील म्हणतात दारात हत्ती बांधतेस. चुलतभाऊ म्हणतो नऊ वर्षांचा कशाला घेतेस, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला चल, मारवाडी शिंगरू घेऊ, तुझ्या अकरा वर्षांच्या लेकीबरोबर वाढेल. आणि स्कूलनेच अजून एक पर्याय दिलाय: वर्षभर हाफ लीज घ्या, आठवड्यातले तीन दिवस घोडा तुमचा, राहील इथेच, आम्ही तोवर विकत नाही. पत्राचा शेवट असा आहे: "मी नाही घेतला तर तो वरातीत नाचायला जाईल, हे सहनच होत नाही. मी तयार आहे की नाही हे ओळखायचं कसं?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घोडा त्यात तुमच्या खांद्यावर तोंड घासतो, दुडक्या चालीत पळतो, गाजर खातो, तुमची गाडी ओळखतो, पण चार पानांत एकदाही लीद टाकत नाही. मी हसले जरा, रागावू नका, कारण मी स्वतः पहिल्यांदा घोडी घ्यायला निघाले तेव्हा माझ्याही डोळ्यापुढे लीद नव्हतीच.

आधी एक साधा हिशोब करू. चौदा महिने, आठवड्याला दोन तास, म्हणजे साधारण एकशेवीस तास. त्याचे होतात पाच दिवस. तुम्ही या घोड्याला पाच दिवस ओळखता, आणि तेही त्याचे सगळ्यात चांगले तास, म्हणजे खरारा करून, खोगीर चढवून, लगाम लावून मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, तुमच्या हातात देतो ते. उरलेले तेवीस तास तो काय करतो, रात्री उभा असतो की आडवा होतो, पाणी किती पितो, शेजारच्या ठाणातला घोडा बाहेर नेला की हा खिंकाळून गोंधळ घालतो का, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर तुमची चूक नाही, कुणी दाखवलंच नाही तुम्हाला. पण विकत घेताना तुम्ही ते तेवीस तास घेताय, तुमचा रपेटीचा तास तर तुमच्याकडे आधीच आहे.

माझ्याकडे अकरा वर्षं घोडी होती, साताऱ्याजवळ, मिरी नावाची. पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, मी हौसेने तिला ताजा कापलेला हिरवा चारा पोटभर घातला, आदल्या दिवसापर्यंत कोरड्यावर असलेल्या जनावराला. रात्री साडेनऊला ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. मग पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, बसली, उठली, परत बसली. घोड्याला उलटी करता येत नाही हे मी ऐकलेलं होतं, पण त्याचा अर्थ काय असतो तो त्या रात्री कळला, की पोटात जे गेलं ते एकतर मागून बाहेर येणार नाहीतर घोडं जाणार. मी तिच्या कुशीला कान लावला, जिथे एरवी गुडगुड गुडगुड चालू असतं तिथे काहीच नाही, भिंतीला कान लावल्यासारखं. एका डॉक्टरांनी फोन उचलला नाही, दुसरे म्हणाले मी गाईम्हशी बघतो हो, घोड्याचं पोट मला जमत नाही, तिसरे निघाले पण पावसात चाळीस किलोमीटर. ते येईपर्यंत मी आणि माझा दीर आळीपाळीने तिला दोरीने चालवत होतो, लोळू द्यायचं नाही म्हणून. त्यांनी येऊन नाकातून नळी घालून पॅराफिन सोडलं, इंजेक्शन दिलं, आणि पहाटे सव्वातीनला मिरीने लीद टाकली. मी आणि दीर त्या लिदीकडे टॉर्च मारून असे बघत होतो जणू लॉटरी लागलीय.

घाबरवायला नाही सांगत. सांगतेय यासाठी की त्या रात्री मला उत्तम रायडिंग येत असतं तरी काडीचा उपयोग नव्हता, आणि बँकेत पैसे होते त्यांचाही फार नाही. उपयोग झाला तो फोनमधल्या तिसऱ्या नंबरचा आणि दिराचा. तुमच्या पत्रात तयारी म्हणजे पैसे अधिक रायडिंग असा हिशोब दिसतो. मी तो बदलून मागेन: रात्री दहा वाजता घोडा बघायला येणारा डॉक्टर मुळशीपर्यंत कोण येतो, त्याचं नाव सांगा. आणि तुम्ही बंगलोरला रिलीजसाठी अडकलेल्या असाल तेव्हा दोरी धरून चालणारा दुसरा माणूस कोण, त्याचंही.

आता किंमत. फोनच्या किमतीत घोडा, हे ऐकून मला चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आठवलं. थरोब्रेड, म्हणजे हा रेसच्या जातीचा घोडा, साधारण साडेचारशे किलोचा धरला तर त्याला रोज वजनाच्या दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे नऊ किलो, महिन्याला पावणेतीनशे. चंदी, म्हणजे दाणा, वेगळी. पाणी रोज तीसचाळीस लिटर, उन्हाळ्यात जास्त. नालबंद दर पाचसहा आठवड्यांनी, वर्षाला नऊदहा फेऱ्या. वर्षातून एकदा दात घासून घ्यायचे, धनुर्वाताची लस, रेबीजची लस, जंतांचं औषध. मोतद्दाराचा पगार. मी आकडे रुपयांत देत नाही, कारण दर गावागणिक बदलतात आणि तुम्ही माझा आकडा धरून बसाल. ही यादी घेऊन तुमच्या भागातले दर स्वतः विचारा, नालबंदाला फोन करा (मुळशीत येतो का हे आधी विचारा), महिन्याची बेरीज करा, आणि त्याच्या सहापट रक्कम आजारपणासाठी बाजूला पडून राहू शकते का ते बघा. ही सहापट माझी स्वतःची पद्धत, कुठल्या पुस्तकातली नाही.

आणि स्वस्त का देतायत हे विचारलंत का? नऊ वर्षं म्हणजे घोड्याचं काही म्हातारपण नव्हे, भावाचं ऐकू नका. स्कूलमध्ये चांगला चालणारा, नवशिक्यांना सांभाळून घेणारा घोडा कुणी सहजासहजी काढत नाही. कदाचित त्यांना खरंच जागा कमी पडत असेल. कदाचित पुढचा पाय दुखावलाय आणि शनिवार-रविवारच्या एका तासात ते दिसत नाही. म्हणून स्कूलचा नाही, तुमचा स्वतःचा घोड्यांचा डॉक्टर आणा, पैसे तुम्ही द्या, कडक जमिनीवर चालवून आणि पळवून बघायला सांगा, पुढच्या पायांचे एक्सरे काढा, डोळे, दात, रक्त. रक्तात सर्रा आणि ग्लँडर्स हे दोन्ही रोग तपासून घ्या. सर्रा चावऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात माश्यांना काय तोटा. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यात जनावर पॉझिटिव्ह निघालं तर २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याला मारावं लागतं, म्हणून ही तपासणी लेकीने त्याच्या गळ्यात पडायच्या आधी. रेसचा घोडा आहे म्हणजे पासपोर्ट असणार, तो मागा, त्यातल्या खुणा घोड्याशी जुळवून बघा. जन्मतारीख आणि सांगितलेलं वय यात काही महिन्यांचा फरक दिसला तर दचकू नका, आपल्याकडे रेसच्या सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासूनच मोजतात.

स्कूलवाल्यांनी बाहेरच्या डॉक्टरला नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला.

मुळशीच्या प्लॉटवर मात्र जरा थांबू, कारण माझं खरं घोडं इथेच अडलंय. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. त्यात घोडा चरून पोट भरेल हे डोक्यातून काढा, पाय मोकळे करायला ठीक आहे. आणि मुळशी म्हणजे पाऊस! जून ते सप्टेंबर ती जमीन चिखल होणार, आणि चिखलात उभ्या घोड्याचे खूर कुजतात, खुराच्या बेचक्यात काळं, घाण वास मारणारं काहीतरी निघायला लागतं, एकदा तो वास घेतलात की आयुष्यात विसरणार नाही. त्यामुळे शेड म्हणजे नुसते पत्रे नाहीत, खाली उंच, निचरा होणारी, कोरडी जमीन. शिवाय चार महिन्यांची कोरडी वैरण पावसाआधी भरून ठेवायची, म्हणजे वरच्याच हिशोबाने एक टनाच्या वर, जमिनीपासून उचलून, ओल न लागता. बुरशी लागलेली वैरण घोड्याला घालायची नसते, खोकला लागतो, पोट बिघडतं. आणि रोजची पंधरावीस किलो लीद, महिन्याला अर्धा टन, ती कुठे जाणार? शेतकरी शेजारी असेल तर आनंदाने नेईल, बंगलेवाले शेजारी असतील तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव गाजेल.

राखणदार दादा चांगले असतील, पण त्यांनी घोडा हाताळलाय का? गाय सांभाळलेला माणूस घोडा सांभाळेल असं आपण धरून चालतो आणि तिथे फसतो. उरलेलं कोंबडीखाद्य नाहीतर गाईची पेंड प्रेमाने घालतील, त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबडीला ते चालतं, घोड्याला जिवावर बेततं. आणि दादा शिमग्याला आठ दिवस गावी गेले की? मोतद्दार ठेवला तरी तोही शिमग्याला गावी जाणारच, कदाचित एकाच एसटीने.

अजून एक. घोडा कळपातलं जनावर आहे, एकटा ठेवलेला घोडा दिवसभर दारात उभा राहून डोलत राहतो, लाकूड चावतो. शाळेत आपल्याला कोडं घालायचे ना, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. तुम्ही आठवड्यातून दोनदा मुळशीला जाणार. उरलेले पाच दिवस त्याला कोण फिरवणार? आता स्कूलमध्ये त्याला रोजचं काम आहे, शेजारी सोबती आहेत, आणि तुम्ही प्रेमापोटी त्याला तिथून उचलून अर्ध्या एकरात एकटं ठेवायला निघालाय. कदाचित तुमच्या घरी त्याची अवस्था आत्तापेक्षा वाईटच होईल, हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण लिहिते. सोबतीला निदान एखादी शेळी तरी लागते, खरं म्हणजे दुसरा घोडा, आणि मग वरचा सगळा हिशोब गुणिले दोन.

वरातीची भीती. ती खोटी नाही हो, डीजेच्या भिंतीसमोर आणि फटाक्यांत उभं राहणं रेसमधून आलेल्या हुळहुळ्या घोड्यासाठी हाल आहेत. पण "तुम्ही नाही घेतला तर..." हे वाक्य प्रत्येक विकणाऱ्याला बोलता येतं. तुमच्या डोक्यात आत्ता दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत: या घोड्याचं भलं कसं होईल, आणि मला घोडा हवा का. पहिल्याला तुम्ही विकत घेणं हे एक उत्तर आहे, एकमेव नाही. स्कूलमधल्या अजून दोघीतिघींना विचारा, पैसे एकत्र करून त्याला तिथेच ठेवता येईल का. जागा आणि माणसं असलेला कोणी फार्मवाला शोधता येईल का. दुसरा प्रश्न स्वतःला वेगळा विचारा, हा घोडा बाजूला ठेवून: तो नसता तर तुम्ही या वर्षी घोडा शोधायला निघाला असता का?

सारंगखेड्याबद्दल थोडक्यात. जा नक्की, लेकीला घेऊन जा. तापीच्या काठावर, एकमुखी दत्ताची जत्रा, दत्तजयंतीपासून सुरू होते, दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात, बाकदार कानांचे मारवाडी, काठियावाडी, रंगांत पंचकल्याणी, अबलख, नुकरे, बघत राहावं. भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणं, बघून शुभ-अशुभ सांगणारे जाणकार तिथे तासन्‌तास घोड्याभोवती फिरतात, भोवऱ्यावर तुमचा विश्वास असो नसो, त्यांचं बघणं बघा, एवढ्या बारकाईने आपण मुलीचं प्रगतिपुस्तकही बघत नाही. फक्त जाताना यूपीआयची लिमिट कमी करून जा. कारण शिंगरू घेणं हा सगळ्यात अवघड पर्याय आहे आणि तो सगळ्यात गोड दिसतो. घोड्याची हाडं भरायला पाचसहा वर्षं जातात, तोवर त्याला रोज शिकवणारा अनुभवी माणूस लागतो. अकरा वर्षांची मुलगी शिकाऊ, शिंगरू शिकाऊ, तुम्ही चौदा महिन्यांच्या शिकाऊ, मग उस्ताद कोण? शिंगरू शहाणं होईपर्यंत मुलगी बारावीत असेल आणि क्लासला जात असेल.

यजमान आणि वडील. दोघांना तुम्ही पत्रात विरोधक करून टाकलंय. यजमानांना एकदा शांतपणे विचारा की नेमकी कशाची भीती वाटते. माझा अंदाज, त्यांना पैशापेक्षा हे दिसत असेल की तुम्ही ऑन-कॉल असताना मुळशीच्या रस्त्यावर रात्री गाडी हाकणारे ते असतील. तसं असेल तर ते डोकं फिरलंय म्हणत नाहीयेत, मला विचारलंस का म्हणतायत. आणि एक आकडा दोघांनी मिळून बघा: घोडं नीट सांभाळलं तर पंचवीस-सव्वीस वर्षं जगतं. हा अजून सतरा वर्षं धरला तर तुम्ही ५५ च्या, लेक २८ ची, आणि शेवटची पाचसहा वर्षं त्याच्यावर बसताही येणार नाही, नुसतं खाऊ घालायचं. त्या वर्षांसकट हवा असेल तर हवा म्हणा.

तर माझं मत विचाराल तर, हाफ लीज. पण नुसती "तीन दिवस तुमचा" यावर नाही. कागदावर घ्या की कोणते तीन दिवस, तुम्ही नसाल तेव्हा त्याच्यावर कोण बसतो आणि किती तास, नालबंदाचा खर्च कोणाचा, आजारी पडला तर डॉक्टरचं बिल कोणाचं, आणि पोट फार बिघडून ऑपरेशनची नाहीतर त्याला शांतपणे मरण द्यायची वेळ आली तर निर्णय कोणाचा. तो लंगडा झाला तर महिन्याचे पैसे चालू राहतात का. किती नोटीस देऊन लीज सोडता येईल. आणि वर्षाच्या शेवटी विकायचा झाला तर पहिल्यांदा तुम्हाला विचारायचं, आत्ताच्याच किमतीला, हेही लिहून घ्या. हे सगळं लिहायला ते कुरकुरले तर तेही कळलं तुम्हाला.

लीजच्या पहिल्या तीन महिन्यांत, आणि हे पावसाळ्यात जमलं तर उत्तमच, रायडिंग कमी करा. आठवड्यातली एक सकाळ साडेपाचला तबेल्यात जा आणि मोतद्दाराबरोबर सगळं करा, लीद काढा, पाणी भरा, चारही खूर उचलून साफ करा. थर्मामीटर मागून लावायला शिका, साधारण ९९ ते १०१ फॅरेनहाइट असतं. जबड्याखालची नाडी मोजायला शिका, शांत उभा असताना मिनिटाला २८ ते ४४. हिरड्यांचा रंग, कुशीची गुडगुड, रोजची लीद किती आणि कशी, एका छोट्या वहीत लिहा. नालबंद येईल त्या दिवशी रजा टाकून थांबा. आणि एक आठवडा असा ठरवा की त्यात त्याच्यावर अजिबात बसायचं नाही, फक्त सांभाळायचं. त्या आठवड्याच्या शेवटी तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं तर तुम्हाला रायडिंग आवडतं, घोडा पाळणं नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, स्कूलची फी भरा आणि मजा करा. मला स्वतःला रायडिंग कधीच फार आवडलं नाही, मला संध्याकाळी तोंडाला चंदीची पिशवी, म्हणजे तोबरा, लावल्यावर तो कडकड चावण्याचा आवाज आवडायचा.

अशीच पत्रं अजूनही येतात, त्यांनाही इथेच सांगते. मुलाच्या वाढदिवसाला पोनी देऊ का विचारणाऱ्या बाबांना: नका देऊ, वर्षभराचे क्लास द्या. जवळ रायडिंग स्कूलच नाही म्हणणाऱ्यांना: तुमच्या तालुक्यात घोडी पाळणारं एखादं घर असेलच, लग्नाची घोडी असेल, टांग्याचं असेल, त्यांच्याकडे महिनाभर सकाळी जा, चहापावडर घेऊन जा, रिकाम्या हाताने नको, ती माणसं सांगतात ते कुठल्या व्हिडिओत मिळत नाही. आणि वजनाचं विचारलंय एकांनी: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या आत असावं, आपलं वजन प्रामाणिकपणे करा.

ताई, तुम्ही प्लॉटचा फोटो पाठवलाय, छान आहे. पण कुंपणाला जी गुलाबी फुलांची झाडं दिसतायत ती कण्हेर आहे आणि कोपऱ्यात घाणेरी माजलीय. कण्हेरीची थोडी पानं पोटात गेली तरी घोडं दगावतं, वाळलेली पानंसुद्धा. घोडा येवो न येवो, शेजारची गुरं तिथून जात असतील, तेवढी या रविवारी हातमोजे घालून मुळासकट काढून टाका, आणि जाळू नका, धूरही वाईट असतो.